नोकरीसाठी परके शहर: जाण्याचा हिशेब आणि परतीचा खर्च

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात ऑफर लेटर पडते तेव्हा पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो आणि शहराचे नाव एका ओळीत उरकलेले असते. लातूर, अकोला किंवा चिपळूणच्या मुलामुलींनी बंगळुरू, हैदराबाद किंवा गुरुग्राम गाठायचे की नाही, हे चार-आठ दिवसांत ठरवायचे असते. बदलीचा आदेश आलेल्या पस्तिशीतल्या कर्मचाऱ्यालाही याहून जास्त सवड मिळत नाही. उलट मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि आईवडिलांची दुखणीखुपणी हे सगळे त्याच्या निर्णयाला जोडलेले असते. घरोघरी यावर जी चर्चा रंगते, तिच्या जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी काम केले आहे. ते काम आज कुठवर आले आहे, हे येथे पाहायचे आहे. ज्यांना नकार देण्याची थोडीफार तरी मुभा आहे, अशांच्या निर्णयापुरता हा आढावा मर्यादित आहे. बीडहून उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबापुढे अशी निवड नसते. तो स्वतंत्र आणि अधिक गंभीर विषय आहे. हा सारा अभ्यास एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, या निर्णयात पगाराच्या फरकाहून परतीच्या खर्चाला जास्त वजन द्यायला हवे. नवे शहर मानवेल की नाही, हे तिथे राहिल्याखेरीज कळत नाही. म्हणून न मानवल्यास मागे फिरणे किती महाग पडेल, याचा विचार आधी करावा लागतो.

पार्श्वभूमी

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात साधारणपणे १८८५ पासून धरली जाते. त्या वर्षी अर्न्स्ट जॉर्ज रेव्हनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच जातात आणि दूर जाणारी मोठ्या उद्योग-व्यापाराच्या केंद्रांकडे वळतात, हे त्यांचे निरीक्षण आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. त्याच काळात आपल्याकडे मुंबई वाढत होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून माणसांचा ओघ गिरणगावाकडे लागला. ते शहर कोकणातल्या माणसाला सर्वस्वी परके होते, पण तो तिथे एकटा पडत नव्हता. एकेका गावाच्या माणसांनी मिळून चाळीत खोली घेतलेली असे. त्याच खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसे झोपत, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरली जाई. जेवण खानावळवाल्या बाईकडे, उधारीवर, पगार झाल्यावर चुकते करायच्या बोलीने. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या खानावळवाल्या बायकांच्या आधारासाठी. गिरणीत चिकटवून देणारा, आजारपणात पैसे उभे करणारा आणि मयत झाल्यास गावी कळवणारा असा तो सगळा गोतावळा होता. चाकरमान्यांच्या या ये-जा करण्याची खूण लोकसंख्येत अजून दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ११२० च्या आसपास होती.

आजच्या पदवीधराचे शहर त्या अर्थाने जास्त अनोळखी आहे. कंपनी त्याला निवडते ती परीक्षा आणि मुलाखतीवरून. तिथे गाववाला नसतो, भाषाही वेगळी असते. वर्गमित्र, पीजीतले सोबती, कुठे महाराष्ट्र मंडळ, एवढाच गोतावळा, आणि तोही दर दीड-दोन वर्षांनी नोकऱ्या बदलल्या की विस्कटतो. देशभरात किती माणसे या वाटेने जातात, याचे चित्र अपुरे आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक कधी ना कधी जागा बदललेले आढळले, पण त्यांत लग्नामुळे सासरी गेलेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा होता. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत रेल्वेच्या तिकिटांवरून अंदाज बांधला गेला आणि राज्याची सीमा ओलांडून कामासाठी जाणारे वर्षाला ९० लाखांच्या जवळपास असावेत, असा निष्कर्ष निघाला. तोवरच्या समजुतीपेक्षा हा आकडा बराच मोठा होता.

उत्पन्नाची बाजू

लॅरी शास्टाड यांनी १९६२ मध्ये स्थलांतराकडे गुंतवणूक म्हणून पाहिले. आज खर्च करायचा, परतावा पुढे अनेक वर्षे मिळवायचा. घरच्यांपासून तुटण्याचे मानसिक मोलही असते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते; नंतरच्या अनेकांनी ते सोयीस्करपणे वगळले. पुढे मायकेल टोडॅरो यांनी आधी एकट्याने आणि १९७० मध्ये जॉन हॅरिस यांच्यासह केलेली मांडणी अशी, की माणूस शहरातल्या पगाराकडे पाहून जात नाही, तो पगार मिळण्याची शक्यता किती हे पाहून जातो. हातात ऑफर लेटर असलेल्याच्या बाबतीत ही शक्यता निश्चित वाटते. पण प्रोबेशन, प्रकल्प संपल्यावर येणारा रिकामा काळ आणि कर्मचारीकपात ध्यानात घेतली, की टोडॅरो यांचा मुद्दा पुन्हा उभा राहतो.

एक साधा हिशेब मांडून पाहू; आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. अकोल्यात घरी राहून महिना २८,००० रुपये हातात येतात आणि पुण्यात ४५,००० मिळणार आहेत. फरक १७,००० चा. वाटणीच्या फ्लॅटचे ९,०००, मेसचे ४,०००, जाण्यायेण्याचे २,००० वजा केले की उरतात २,०००. त्यातून दिवाळीची आणि अधूनमधून घरी येण्याची तिकिटे निघायची आहेत. शिवाय सुरुवातीलाच डिपॉझिट आणि दलालाचे एक महिन्याचे भाडे भरावे लागलेले असते. कुठल्या शहरात राहणे किती महाग, हे नेमके सांगणारा अधिकृत आकडा आपल्याकडे नाही, ही यातली खरी अडचण आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ८८ केंद्रांसाठी निघतो, पण तो २०१६ च्या तुलनेत त्या त्या केंद्रात भाव किती वाढले तेवढेच सांगतो. एका शहराचा निर्देशांक दुसऱ्यापेक्षा वर असला म्हणून ते महाग ठरत नाही, आणि लोक नेमकी हीच चूक करतात. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, नागपुरात २० टक्के आणि लहान गावांत १० टक्के घरभाडे भत्ता देते. शहरांतल्या फरकाची सरकारी कबुली म्हणून याकडे पाहता येते, पण खाजगी नोकरीत असा कोणताही नियम नाही.

मग दोन हजारांसाठी का जावे? उत्पन्नाच्या बाजूचे सर्वांत भक्कम उत्तर पहिल्या पगारात नाही, पुढच्या पगारांत आहे. होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासून २०१७ मध्ये दाखवले की, माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरात मिळवलेला अनुभव अधिक मोलाचा ठरतो आणि माणूस लहान शहरात परतला तरी त्या अनुभवाची किंमत बरीचशी त्याच्याबरोबर येते. परतणारा रिकाम्या हाताने परतत नाही, हा माझ्या दृष्टीने या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. पण जे जातात ते मुळातच अधिक होतकरू असतील, तर फायदा शहराचा की त्यांचा, ही शंका अशा अभ्यासांवर नेहमी घेतली जाते. तिचे निरसन एका ज्वालामुखीने केले. जानेवारी १९७३ मध्ये आइसलँडजवळच्या हेमाए बेटावर उद्रेक झाला आणि जवळपास एक तृतीयांश घरे नष्ट झाली. कोणाचे घर गेले आणि कोणाचे वाचले, हा निव्वळ योगायोग होता. ज्यांची घरे गेली त्यांतले बरेच जण बेट सोडून गेले. एमी नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला, तेव्हा त्या वेळी पंचविशीच्या आत असलेल्यांना शिक्षण आणि कमाई या दोन्हींत मोठा लाभ झालेला दिसला. त्यांच्या आईवडिलांच्या पदरी मात्र थोडा तोटाच आला. ते बेट गरीब नव्हते, मासेमारीवर चांगले चालले होते; फायदा झाला तो ज्यांचा पिंड मासेमारीचा नव्हता त्यांना. त्यामुळे हे शहर चांगले की ते, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ राहत नाही. या कामाला, या वयाला कोणते शहर, असे विचारावे लागते.

कुटुंब आणि आधाराची बाजू

वरची मांडणी एकट्या माणसाची आहे. १९८५ मध्ये ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी तिला हरकत घेतली. निर्णय घर घेते, एकटा माणूस नाही, आणि घराला जास्त पैशांइतकीच जोखीम विभागण्याची गरज असते, असे त्यांचे म्हणणे होते. एक भाऊ शेतीवर आणि दुसरा मुंबईत, ही कोकणातली आणि घाटावरची जुनी व्यवस्था याच तर्कावर उभी होती. १९८२ च्या गिरणी संपात तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसल्या. हजारो कामगार संपकाळात गावी गेले आणि शेतीच्या आधारावर त्यांनी तग धरला. पण एकाच धंद्यात गुंतलेल्या गोतावळ्याचा धंदाच बसला तेव्हा शहरातला आधारही सगळ्यांचा एकदमच गेला.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये याची दुसरी बाजू समोर आणली. महागाईचा फरक वजा करूनही शहरातली मजुरी २५ टक्क्यांहून अधिक असताना भारतीय पुरुष गाव का सोडत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. अडीअडचणीला जातभाईंकडून मिळणारी मदत गाव सोडल्यावर आटते, आणि पगारातली वाढ ती तूट भरून काढत नाही, असे त्यांचे उत्तर होते. सीमेचा अडसर तर याहून स्पष्ट मोजला गेला आहे. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या एका अभ्यासात, एकाच राज्यातल्या शेजारी जिल्ह्यांत होणारी ये-जा ही राज्यसीमेच्या दोन बाजूंना असलेल्या शेजारी जिल्ह्यांतल्या ये-जेपेक्षा किमान ५० टक्के अधिक आढळली. भाषेचा फरक लक्षात घेऊनही हा अडसर उरतो. रेशन, शिक्षणातल्या जागा, सरकारी नोकरीतले आरक्षण अशा अनेक गोष्टी राज्याशी बांधलेल्या आहेत. सोलापूरच्या माणसाला पुणे आणि हैदराबाद अंतराने फारसे वेगळे नसले तरी निर्णयाने बरेच वेगळे पडतात ते यामुळे.

या बाजूतला सर्वांत दुर्लक्षित धागा स्त्रियांचा आहे. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये दाखवले की जोडप्याचा मिळून फायदा होत असला तरी त्यातल्या एकाचा तोटा होऊ शकतो, आणि तो सहसा बायकोचा असतो. नवऱ्यामागे ती जाते आणि तिची नोकरी मागे राहते. आपल्याकडचे आकडे पाहता यावर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही. २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे जागा बदललेल्या होत्या. स्थलांतरित पुरुषांत नोकरीच्या शोधात गेलेल्यांचे प्रमाण २२.८ टक्के होते. स्वतःच्या नोकरीसाठी परक्या शहरात जाणाऱ्या मुलीला पगाराच्या आधी राहण्याच्या जागेचा आणि रात्री घरी पोचण्याचा प्रश्न सोडवावा लागतो. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना आता सखी निवास या नावाने चालते, पण चांगल्या वसतिगृहाची खोली मिळणे हे अजूनही नशिबावर सोपवलेले आहे. घरच्यांचा विरोध अनेकदा मुलीच्या नोकरीला नसून या अनिश्चिततेला असतो, आणि तो विरोध व्याख्यानाने जात नाही, खोली मिळाल्याने जातो.

समाधानाची बाजू

तिसरा पक्ष मानसशास्त्रज्ञांचा. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमान यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आणि कॅलिफोर्नियाबाहेरच्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार असे दोन्हीकडच्यांना वाटत होते. प्रत्यक्षात दोन्हीकडचे विद्यार्थी आपापल्या आयुष्याबद्दल सारखेच समाधानी होते. ज्या गोष्टीकडे लक्ष वेधले जाते तिचे महत्त्व आपण फुगवतो, असा त्याचा अर्थ. शहर निवडताना हवा, समुद्र, मॉल डोळ्यांत भरतात आणि रोजचा प्रवास नजरेआड होतो. जर्मनीतल्या पाहणीवरून अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी २००८ मध्ये दाखवले की लांबचा प्रवास करणारे लोक कमी समाधानी असतात. चांगला पगार किंवा मोठे घर त्याची भरपाई करत नाही. हिंजवडीच्या चौकात किंवा बंगळुरूच्या बाह्य वळण मार्गावर रोज दोन-अडीच तास घालवणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही, पण ऑफर स्वीकारणाऱ्याला सांगावे लागते. शहराची निवड करताना कचेरीपासूनचे अंतर विचारणे हे शहराबद्दल विचारण्याइतकेच निकडीचे आहे.

याच्या उलट जाणारा पुरावा स्टीव्हन लेव्हिट यांचा. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या निर्णयावर अडलेल्या हजारो लोकांनी त्यांच्या प्रयोगात नाणे उडवून कौल घेतला. बदलाच्या बाजूने कौल मिळून ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी अधिक सुखी असल्याचे सांगत होते. प्रयोगात लोक आपण होऊन आले होते आणि उत्तरे त्यांची स्वतःची होती, या मर्यादा आहेतच. तरीही काठावर उभा असलेला माणूस थांबण्याकडे गरजेपेक्षा जास्त झुकतो, हा निष्कर्ष दखल घेण्याजोगा आहे.

परतीचा खर्च

तिन्ही बाजू शेजारी ठेवल्या की त्यांतला विरोध वाटतो तितका राहत नाही. मोठ्या शहराचा लाभ खरा आहे, आधार तुटण्याची भीती खरी आहे, आणि आपल्याला काय मानवेल याचा अंदाज कच्चा असतो, हेही खरे आहे. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असतील, तर शहाणपणाचा मार्ग म्हणजे आधी परत येण्यासारखे करून ठेवणे आणि मग जाणे. याला सर्वांत थेट पुरावा बांगलादेशातला आहे. २००८ मध्ये रंगपूर भागात, मोंगा म्हणजे पीक येण्याआधीच्या उपासमारीच्या दिवसांत, काही कुटुंबांना शहरात जाण्यासाठी सुमारे ६०० टका दिले गेले. जाणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्के बिंदूंनी वाढले, घरचे खाणेपिणे सुधारले, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरेच जण पुन्हा गेले. लोकांना अडवत होती ती फसलो तर काय, ही भीती. एकदा जाऊन पाहिल्यावर ती ओसरली. पुढे हाच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये तो बंद झाला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या पदवीधराच्या बाबतीत परतीचा खर्च कागदावर लिहिलेला असतो, फक्त तो कोणी वाचत नाही. बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे डिपॉझिट म्हणून घेण्याची प्रथा होती आणि ती पूर्णपणे गेलेली नाही. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो राज्यांनी स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. भाडेकरारात लॉक-इन काळ असला तर मधेच निघताना भाडे बुडते. ऑफर लेटरमध्ये वर्षाच्या आत सोडल्यास सामान हलवण्याचा खर्च आणि जॉइनिंग बोनस परत द्यायची अट असू शकते. कुठे सरळ बाँड असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, त्यामुळे बाँड म्हणजे नुसता धाक, ही समजूत आता धरून चालणार नाही. जोडीदाराने राजीनामा दिला असेल किंवा गावचे घर विकले असेल, तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून बाविशीतल्या एकट्या व्यक्तीने बाँड नसलेल्या नोकरीसाठी शंका असतानाही जावे, असे मी म्हणेन. दोन पगारांच्या कुटुंबात आधी एकाने सहा महिने जाऊन पाहिल्याशिवाय दुसऱ्याने राजीनामा देऊ नये.

यावर पहिला आक्षेप असा की, परतीची वाट मोकळी ठेवणारा माणूस नव्या शहरात रुजत नाही. आक्षेप पोकळ नाही. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये दाखवले की निवडलेले छायाचित्र बदलून घेण्याची सोय ज्यांना होती, त्यांना आपले छायाचित्र कमी आवडले. स्पेनमधला अनुभवाचा लाभही साचायला वर्षे लागतात. म्हणून वाट मोकळी असावी, पण रोज तिच्याकडे पाहत बसू नये. एखादे वर्ष ठरवून घ्यावे आणि तब्येत किंवा सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर तोवर फेरविचार टाळावा. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: परतीचा खर्च सोसण्याची ऐपत खात्यापित्या घरांकडेच असते. हे मान्य करावेच लागते. कर्ज काढून डिपॉझिट भरणाऱ्याला हा सल्ला अपुरा पडतो, आणि त्याच्यासाठी डिपॉझिटची मर्यादा, वसतिगृहे आणि कंपनीने पहिल्या महिन्याची राहण्याची सोय करणे हे वैयक्तिक धैर्यापेक्षा महत्त्वाचे आहे. परतीच्या खर्चातला एक भाग मात्र कुठलेही घर फुकटात कमी करू शकते. मुलगा किंवा मुलगी आठ महिन्यांत परतली तर तिला हरलेली न मानणे, एवढेच त्यासाठी लागते. चार लोक काय म्हणतील या धास्तीने कित्येक जण न मानवणाऱ्या शहरात वर्षे काढतात.

न जाता काम करण्याचा पर्याय महामारीनंतर खुला झाला, पण तो सर्वांना सारखा लागू पडत नाही. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यातले दोन दिवस घरून काम केल्याने कामाचा दर्जा घसरला नाही आणि राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले. ते कर्मचारी उरलेले दिवस कचेरीत येत होते, म्हणजे शहर सुटले नव्हते. सॉफ्टवेअर अभियंत्यांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांकडून मिळणाऱ्या सूचना आणि दुरुस्त्यांचा सर्वाधिक लाभ नवख्यांना होतो असे दिसले. अनुभवी माणसाला गावाहून काम करणे परवडेल. पहिल्या नोकरीत ते महाग पडण्याची शक्यता जास्त.

काय सुटलेले नाही

वर सांगितलेल्या अभ्यासांपैकी बरेच स्पेन, आइसलँड, जर्मनी, अमेरिकेतले आहेत, आणि भारतातले मुख्यतः ग्रामीण पुरुषांच्या मजुरीचे. नांदेडहून गुरुग्रामला गेलेल्या अभियंता मुलीला दहा वर्षांनी काय मिळाले, हे सांगणारा सलग माग आपल्याकडे नाही. २०२१ ची जनगणना लांबली आणि २०२०-२१ ची पाहणी नेमकी महामारीच्या काळातली, जेव्हा अनेक जण कामासाठी गेलेले नव्हते तर काम सुटून घरी आलेले होते. मागे राहिलेल्या आईवडिलांबाबतही मतभेद आहेत. मुलाच्या पगारामुळे औषधोपचार सुधारतात हे एक मत, आणि रुग्णालयात रात्री थांबायला कोणी नसते हे दुसरे. दोन्ही एकाच घरात खरे असू शकते, आणि त्यांची वजाबाकी कशी करायची याचे सर्वमान्य माप अजून सापडलेले नाही. सर्वांत मोठी पोकळी परतलेल्यांबद्दल आहे. मागील वास्तव्याच्या निकषाने गावी परतलेला माणूस आकडेवारीत स्थलांतरितच मोजला जातो, पण तो कंटाळून आला, नोकरी गेली म्हणून आला, आईच्या आजारपणासाठी आला की शिकलेले काम घेऊन स्वतःचे दुकान थाटायला आला, हे त्या रकान्यातून कळत नाही. स्पेनमध्ये परतणाऱ्याचा अनुभव बरोबर येतो असे दिसले, पण तिथे लहान शहरातही त्या अनुभवाला गिऱ्हाईक होते. अकोल्यात किंवा लातुरात ते आहे का, कोणत्या धंद्यांत आहे आणि किती वर्षांच्या अनुभवानंतर, हे आपल्याकडे कोणीतरी मोजायला हवे.